रिकामा बाक

निपाणी,
दि. २४ जून

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

बँकेत जाताना तुला रोज कोलकात्याच्या सियालदह स्थानकावर उतरावे लागते, असे तू परवा फोनवर सहज बोलून गेलीस. फोन ठेवल्यावर बराच वेळ मी तशीच बसून होते. त्या स्थानकाजवळ लोरेटो डे स्कूल नावाची मुलींची शाळा आहे. तीस वर्षांहून अधिक काळ त्या शाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या सिस्टर सिरिल मूनी २०२३ साली आजच्याच तारखेला वारल्या. मी त्यांना कधी पाहिले नाही, त्यांना कधी पत्रही लिहिले नाही. तरीही शिक्षिका म्हणून माझ्या हातून जे थोडेफार बरे घडले, त्यातले बरेचसे त्यांचे आहे आणि ते मी तुला आजवर सांगितलेले नाही.

तुझ्या आजीचे हात तुला आठवत असतील. हजार बिड्या वळून झाल्या की तिचा दिवस संपायचा आणि त्यातल्या छाट म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे मिळायचे नाहीत. पाने भिजवणे, फर्मा ठेवून ती कापणे ही कामे आम्ही मुली शाळेला जाण्यापूर्वी उरकत असू, त्यामुळे आमच्या कपड्यांना तंबाखूचा वास कायमचा असे. पाचवीत मी ज्या शाळेत गेले, तिथे आम्हा बिडी वळणाऱ्यांच्या चार मुलींना मागच्या खिडकीशी बसवले होते. आम्हाला कोणी मारले नाही, कोणी अपशब्दही बोलले नाही आणि बाई शिकवायच्याही मन लावून. फक्त आमच्या आणि बाकी वर्गाच्या मध्ये एक बाक रिकामा असे. तो रिकामा बाक वर्षभर तसाच राहिला आणि त्यावर कोणी का बसत नाही, हे कोणीही कोणाला विचारले नाही.

२००७ साली सिस्टर सिरिल यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रात आलेला त्यांच्यावरचा मजकूर मी कापून ठेवला. त्यानंतर त्यांच्याविषयी जे जे मिळाले ते वाचत गेले. आयर्लंडमधल्या ब्रे या समुद्रकाठच्या गावात १९३६ साली त्यांचा जन्म झाला आणि १९५६ साली, म्हणजे विसाव्या वर्षी, त्या लोरेटो या ख्रिस्ती जोगिणींच्या संघाच्या सिस्टर म्हणून भारतात आल्या. मदर तेरेसाही आधी याच संघात होत्या. लखनौमध्ये त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि १९७९ साली त्या सियालदहच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या वेळी शाळेत ७९० मुली होत्या आणि त्यांपैकी केवळ ९० गरीब घरच्या होत्या. वीस वर्षांच्या आत मुलींची संख्या १,४०० झाली आणि त्यांतल्या ७०० मुली फी न भरणाऱ्या होत्या.

हा आकडा मी वर्गातल्या फळ्यावरही लिहून पाहिला होता. गरिबांच्या मुलांसाठी दुपारच्या सत्रात वेगळी, फुकट शाळा काढणारे पुष्कळ असतात. त्यांचे काम हलके आहे असे मी म्हणत नाही, पण त्या शाळेत रिकामा बाक तसाच राहतो, फक्त तो मधल्या भिंतीच्या रूपाने उभा असतो. सिस्टर सिरिल यांनी वेगळी शाळा काढली नाही. त्यांनी आहे त्याच वर्गात, त्याच गणवेशात, त्याच बाकावर निम्मी जागा करून दिली. खासगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात असे सांगणारा कायदा २००९ साली आला आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने लोरेटोसारख्या अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून वगळले. म्हणजे सिस्टर सिरिल यांच्यावर सक्ती करणारा कोणताही कायदा नव्हता आणि निम्म्या जागा त्याच्या कितीतरी आधीच भरलेल्या होत्या. आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवले, त्याच प्रकारचे हे काम आहे असे मला वाटते.

१९८५ साली त्यांनी 'रेनबो' नावाचा उपक्रम सुरू केला. तू ज्या फलाटांवरून रोज जातेस, तिथे आणि आसपासच्या पदपथांवर राहणाऱ्या मुलींसाठी शाळेची गच्ची उघडण्यात आली. कागद, चिंध्या वेचणारी मुलगी दहाच्या ठोक्याला शाळेत येऊ शकत नाही, म्हणून ती जमेल तेव्हा येई, आणि ती येईल तेव्हा तिच्याशेजारी बसून शिकवायला कोणीतरी असे. हे शिकवणारे कोण, तर खाली वर्गात बसणाऱ्या पाचवीपासून पुढच्या मुली. एकीला एक, असे ते शिकवणे चाले आणि तयारी झाली की ती मुलगी आपल्या वयाच्या नेहमीच्या वर्गात जाऊन बसे. पुढे ज्यांना रात्री जायला सुरक्षित जागा नव्हती, अशा मुलींना शाळेतच राहण्याची सोय झाली, कारण दिवसभर पाढे शिकवून संध्याकाळी त्याच मुलीला फलाटावर परत पाठवणे त्यांना पटणारे नव्हते.

हे वाचून मी काय केले, तेही तुला सांगते. तेव्हा मी चिकोडीजवळच्या मराठी शाळेत होते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येत, रानात खोपी पडत आणि आईबाप कोयता घेऊन फडात गेले की मुले धाकट्या भावंडांना सांभाळत खोपीपाशी बसून राहत. त्यांतल्या सहा मुलांना मी शाळेत आणले आणि सातवीच्या मुलामुलींना शाळा सुटल्यावर एक तास थांबून त्यांना शिकवायला सांगितले. दुसऱ्याच आठवड्यात पालक आले. "बाई, आम्ही पोरी शिकायला पाठवल्यात, शिकवायला नव्हं," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी घाबरले आणि ते सगळे बंद केले. त्या सहा मुलांना काय सांगावे हे मला सुचले नाही. दोन दिवस ती येऊन पायरीवर बसली आणि मग यायची थांबली. याची बोच अजून आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कापलेला मजकूर पुन्हा वाचताना माझी चूक माझ्या लक्षात आली. सिस्टर सिरिल यांनी आपल्या मुलींकडे जादा तास मागितलाच नव्हता. अभ्यासक्रमात कार्यशिक्षणाचे जे तास असतात, त्यांतच त्यांनी हे शिकवणे बसवले होते. ते उपकार म्हणून करायचे नव्हते आणि हौस म्हणूनही नव्हते, ते वेळापत्रकाचाच भाग होते. पुढच्या हंगामात मी आमचा कार्यानुभवाचा तास त्यासाठी दिला आणि या वेळी कोणी तक्रार घेऊन आले नाही.

त्या वर्षी दहा वर्षांची एक मुलगी भावाला काखेत घेऊन येत असे. तिला शिकवायला मी जी सातवीतली मुलगी नेमली, ती त्याच शिवारातल्या ऊसवाल्यांची होती. चौथ्या दिवशी ती धावत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तिला बेरीज येतीय, फकस्त लिवता येत न्हाई." टायरगाडीत किती मोळ्या भरल्या आणि किती राहिल्या, याचा हिशेब ती मुलगी बापाशेजारी उभी राहून तोंडी करीत आली होती. मग दोघींनी मोळ्यांची चित्रे काढली आणि त्यांच्याखाली आकडे लिहिले. शिकवणारीला त्या तीन महिन्यांत काय मिळाले, हे कोणत्याही परीक्षेत मोजता आले नसते. आपल्या घरचा ऊस कोण तोडते, त्यांची नावे काय आणि ती किती वाजता उठतात, हे तिला पहिल्यांदाच कळले. मार्चमध्ये गळीत संपले आणि टोळी निघून गेली. दुसऱ्या वर्षी ती टोळी आमच्या भागात आली नाही आणि त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला कळू शकले नाही. सियालदहच्या मुली पुढे त्याच शाळेत राहत, माझी मुलगी मात्र ट्रॅक्टरवर बसून गेली. हा फरक फार मोठा आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता तुझ्याकडून एक हवे आहे. एखाद्या दिवशी लवकर सुटलीस, तर शाळा सुटण्याच्या वेळेला त्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे थोडा वेळ उभी राहा. आत जाण्याची परवानगी मागू नकोस आणि कोणाच्या कामात अडथळा आणू नकोस. फक्त बाहेर पडणाऱ्या मुलींकडे पाहा. त्यांतली फी भरणारी कोणती आणि न भरणारी कोणती, हे तुला ओळखता येते का, एवढे मला कळव.

तुझी,
आई