तो खडखडाट कॉम्प्युटरचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या गल्लीतल्या मुलाच्या अल्बमवर आपण आठ ओळी छापल्यात. मथळा ‘घरबसल्या कॉम्प्युटरवर गाणी’, आणि खाली ‘यंत्राचा खडखडाट असलेलं पाश्चात्त्य संगीत’. ज्यानं हे लिहिलं त्यानं कुणाला चार प्रश्न विचारलेले नाहीत, हे मी खात्रीनं सांगतो. कारण तो खडखडाट कॉम्प्युटरचा नाही. तो माझ्या मागाचा आहे.

बेळगावातल्या वडगावात आमचे दोन पावरलूम आहेत आणि भिंतीला भिंत लागून या मुलाचं घर. माग चालू असले की त्याला काहीच रेकॉर्ड करता यायचं नाही. म्हणून रात्री दहाला आमचे माग थांबले की तो बसायचा. दारं-खिडक्यांवर वाकळा टांगलेल्या, पंखा बंद, फ्रिजची पिनसुद्धा काढलेली. मे महिन्यात त्या खोलीत अर्धा तास बसलो तर माझा सदरा भिजला. तो पहाटेपर्यंत बसायचा. मध्येच लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

एकदा भर दुपारी माइक घेऊन आला आणि म्हणाला, “काका, मागाचाच आवाज घेतो की.” आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं जातो, तो ठोका त्याला हवा होता. धोट्यातली सुताची कांडी संपली आणि मी माग थांबवला, ती शांतताही त्यानं ठेवलीय. मागाच्या त्या दोनाच्या ठेक्यावर त्यानं सात मात्रांची गिटार बसवली. चौदा ठोके झाले की दोन्ही पुन्हा एका जागी येतात. मी भजनात पेटी वाजवतो, सात मात्रांचा रूपक ताल मला नवा नाही, तरी पहिल्या खेपेला माझी सम तीनदा चुकली. सापडली तेव्हा अंगावर काटा आला. तीस वर्षं तोच आवाज कानावर पडतोय, त्यात एवढं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

गिटार, बेस, मँडोलिन, कीबोर्ड, सगळं त्यानं एकट्यानं वाजवलंय. ड्रम गल्लीत वाजवता येईनात, म्हणून टेम्पोत घालून खानापूरकडच्या एका शेतघरात नेले. एक वाद्य वाजवून घ्यायचं, मग ते कानात ऐकत त्यावर दुसरं भरायचं. कॉम्प्युटर आहे तो टेपरेकॉर्डरच्या जागी. त्यानंच मला माईक ओल्डफील्डबद्दल सांगितलं. त्या इंग्रज पोरानं उसन्या टेपरेकॉर्डरवर घरीच सुरुवात केली. जुना आवाज पुसला जाऊ नये म्हणून मशीनच्या पुसणाऱ्या भागावर पुठ्ठा चिकटवला आणि एकावर एक वाद्यं चढवत गेला. कंपन्यांनी आधी नाही म्हटलं. पुढं स्टुडिओत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून त्यानं ‘ट्यूब्युलर बेल्स’ पुरा केला आणि 1973 मध्ये तो जगभर गाजला. त्याला कुणी टेपरेकॉर्डरची गाणी म्हटलं नाही.

तो वाजवतो तो प्रोग्रेसिव्ह रॉक हा प्रकार मलाही नवाच होता. गाणं वीस वीस मिनिटं चालतं, मध्येच ताल बदलतो. न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीत 1924 साली जन्मले. माळव्याच्या लोकगीतांतून त्यांनी राग उभे केले, तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली होती. ती करणाऱ्यांनी निदान त्यांचं गाणं ऐकलं तरी होतं.

या मुलानं अल्बममधले शब्द मराठीत लिहिलेत. पलीकडच्या एका स्पर्धेला पाठवायला गेला तर अर्जासोबत महाराष्ट्राचा रहिवासी दाखला मागितला. इकडच्या एका योजनेत विचारलं, तर कन्नड गाणी आहेत का म्हणाले. त्या दिवशी तो आमच्या कट्ट्यावर तासभर गप्प बसला होता. सीमाभागातल्या पोरानं मराठीत गायचं तर जायचं कुठं? निदान आपल्या माणसांचा म्हणवणारा पेपर तरी त्याच्या बाजूनं उभा राहील, असं आम्हाला वाटलं होतं.

तेव्हा दुरुस्ती छापा, त्याच पानावर, तेवढ्याच जागेत. बातमीदाराला वडगावात पाठवा, मी माग थांबवून त्याला तिसरा तुकडा ऐकवतो.

आणि गेल्या आठवड्यात आमच्या पारायणाची बातमी आपण शहापूरच्या नावावर घातलीत. कळवूनही अजून दुरुस्ती आलेली नाही. तीही याच्यासोबत घ्यावी.

आपला,
रोजचा वाचक, वडगाव, बेळगाव