सुरणाच्या फुलाविषयी दिलीपला

चिपळूण
५ एप्रिल

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

सुमात्राचा राक्षसी सुरण (टायटन अरम), सडक्या मांसाच्या वासाचं ते प्रचंड फूल, पुण्यात गच्चीवर लावता येईल का, असं तू विचारलंस, त्याचं उत्तर आधी देतो. त्या फंदात पडू नकोस. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७८ मध्ये तो जगापुढे आणला, आणि लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ मध्ये फुलवला तोही काचघरात. त्याला बारमाही दमट ऊब लागते, पुण्याचा कोरडा उन्हाळा त्याला सोसणार नाही. शिवाय बी पेरल्यापासून फूल यायला सात-दहा वर्षं सहज जातात. त्यापेक्षा त्याचाच भाऊबंद, मंडईत मिळणारा आपला सुरण लाव. फूल तसंच अचाट, आणि वासाला कुठेही कमी नाही.

गड्डा अख्खा घे, शक्यतो दोन किलोच्या वरचा. मधला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शाबूत हवा, आणि बोटानं दाबून कुठे मऊ लागला तर घेऊ नकोस. शेतकरी डोळ्याचा भाग ठेवून फोडी करून लावतात, ते भाजीसाठी ठीक आहे. फूल मात्र पोसलेल्या मोठ्या गड्ड्यालाच येतं, फोड लावलीस तर काही वर्षं नुसतं पानच बघशील.

कुंडी किमान १८ इंची, तळाला मोठी भोकं. दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड. ओलं, कच्चं शेण अजिबात नको, त्यानं गड्डा कुजतो. सुरणाची मुळं खालून फुटत नाहीत, वर डोळ्याभोवती फुटतात. म्हणून डोळ्यावर चार-पाच इंच माती हवी आणि खतही वरच्याच थरात हवं. लावल्यावर एकदा पाणी दे आणि कोंब दिसेपर्यंत माती जेमतेम ओलसर ठेव. इथेच बहुतेकांचा सुरण जातो: कोंब येत नाही म्हणून रोज पाणी घालतात, मुळं नसलेला गड्डा ते पिऊ शकत नाही आणि आतून सडतो.

मे-जूनमध्ये कोंब वर येईल. लांबट आणि निमुळता असला तर पान, आखूड, जाड आणि फुगीर असला तर फूल. फूल जमिनीलगतच उमलतं. बाहेर जांभळट-तपकिरी झालर, मधोमध सुरकुतलेला गडद गोळा, आणि खाली दांड्यावर आधी मादीफुलं, त्यांच्यावर नरफुलं. पहिल्या संध्याकाळी मादीफुलं तयार असतात. तेव्हा तो दांडा तापतो आणि सडक्या मांसाचा वास दूरवर फेकतो. त्यात गंधकाची संयुगं असतात, मेलेल्या जनावरातून येतात तीच. माश्या आणि मढ्यावरचे भुंगे त्यालाच भुलतात. परागकण दुसऱ्या दिवशी सुटतात, तोवर वासाचा जोर ओसरलेला असतो. म्हणजे एकट्या झाडाला बी धरणं अवघड, आणि तुला सोसायची ती खरं तर एकच रात्र.

त्या दिवसांत वारा पश्चिमेकडून असतो. कुंडी गच्चीच्या पूर्व कडेला ठेव आणि शेजाऱ्यांना आधी सांग. अगदीच असह्य झालं तर दुसऱ्या दिवशी फूल बुडातून काप, गड्ड्याला काही होत नाही. हातांना मात्र आधी खोबरेल लाव, रसानं खाज सुटते. लहान मुलांना कुठलाही भाग तोंडात घालू देऊ नकोस.

नंतर पान येईल आणि खरी मेहनत त्याचीच आहे. जुना गड्डा दरवर्षी आटतो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो, तो केवळ या पानाच्या कमाईवर. सप्टेंबरपर्यंत महिन्याला दोन मुठी शेणखत आणि भरपूर उजेड दे. नोव्हेंबरच्या सुमारास पान पिवळं पडलं की पाणी पूर्ण बंद कर, आणि कुंडी छपराखाली आडवी करून ठेव.

आमच्याकडच्या शेवळांबद्दल, म्हणजे त्या रानभाजीबद्दल, विचारलं होतंस. तीही याच कुळातली, पावसाच्या तोंडाशी डोंगरात उगवतात. न उमललेली आणून काकडं (काकड झाडाची आंबट फळं) घालून भाजी करतात, खाज मारायला काकडं हवीतच. कुंडीसाठी ती डोंगरातून उपटून आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ती फक्त सह्याद्रीच्या पट्ट्यातली आहेत.

गच्चीला अगदी शोभेल ती आफ्रिकेची स्टेपेलिया, निवडुंगासारख्या मांसल कांड्यांची आणि फुलाला असाच सडका वास असलेली. वीतभर रुंद, पाचकोनी, पिवळट फूल, त्यावर तांबड्या रेघा आणि बारीक लव. माश्या फसून त्यावर अंडी घालतात. अळ्या निघाल्या तरी खायला काही नसल्यानं मरतात, त्यामुळे घाबरून औषध मारू नकोस. पसरट मातीची कुंडी घे, निम्मी माती आणि निम्मी बारीक खडी. सकाळचं ऊन दे, पावसाळ्यात आडोशाला ठेव. कांडी बुडातून काळी, मऊ पडली तर आत स्वच्छ हिरवं दिसेपर्यंत वर कापत जा आणि तो शेंडा पुन्हा लाव. कांड्यांच्या खोबणीत पांढरा पिठ्या ढेकूण बसतो, तो स्पिरिटच्या बोळ्यानं पूस.

स्टेपेलियाच्या चार कांड्या कागदात गुंडाळून कुरियरनं पाठवतो आहे. पोचल्या की चार-पाच दिवस सावलीत तशाच पडू देत, कापलेली बाजू सुकून कडक झाली की मगच मातीत खोच. त्यानंतरही आठवडाभर पाणी नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद