नकाशात मोपा, खिडकीबाहेर माळरान

संपादक महोदय,

घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांसाठी 'लिटल नॅव्हमॅप' हा मोफत नकाशा उत्तम आहे, पण तो विमान उडवण्याच्या सिम्युलेटरला जोडताना हमखास घोळ होतो. एक्स-प्लेन या सिम्युलेटरसाठी 'लिटल एक्सपीकनेक्ट' हे जोडणीचे फोल्डर अख्खेच्या अख्खे एक्स-प्लेनच्या 'रिसोर्सेस'मधल्या 'प्लगइन्स'मध्ये टाकावे. आतली एखादीच फाइल उचलून टाकली तर नकाशावर विमान उमटतच नाही.

दुसरा घोळ जास्त फसवा. नकाशाच्या मेनूतली 'लोड सीनरी लायब्ररी' ही आज्ञा चालवल्यावर सिम्युलेटरमध्ये जे सापडेल तेच नकाशा दाखवतो. सिम्युलेटरमध्ये नवा विमानतळ बसवला की ती पुन्हा चालवायची. गोव्यातला मोपा विमानतळ, म्हणजे कोड व्हीओजीए, जानेवारी 2023मध्ये सुरू झाला. 2006च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये तो मुळात नाहीच. अशा वेळी सगळी माहिती नॅव्हिग्राफ या हवाई मार्गांचा डेटा पुरवणाऱ्या कंपनीकडून घ्यायचा पर्याय निवडला, तर नकाशात धावपट्टी ऐटीत दिसते आणि उतरताना खाली नुसते माळरान! नॅव्हिग्राफकडून फक्त दिशादर्शक केंद्रे आणि उतरण्या-चढण्याच्या पद्धती घ्याव्यात, विमानतळ सिम्युलेटरचेच ठेवावेत. हा डेटा दर 28 दिवसांनी बदलतो. नकाशा आणि विमानातला एफएमसी (मार्ग आखणारा संगणक) वेगवेगळ्या आवृत्त्यांवर असले, की आखलेल्या मार्गातले बिंदू गळतात.

– एक वाचक, ठाणे