लॉन आणि कुंड्यांना खत: पाडव्याच्या आत

सर्व सभासदांना नमस्कार.

होळी झाली की पुण्यात ऊन तापायला लागतं, म्हणून बागेला खत घालण्याचं काम पाडव्याआधी उरकायचं आहे. येत्या रविवारी सकाळी 7 वाजता कट्ट्यावर जमूया.

लॉनला युरिया चौरस मीटरला 10 ग्रॅम, त्याहून जास्त नको. त्यात 46 टक्के नत्र असतं; मूठ सैल सुटली की गवत करपतं. गेल्या वर्षी झोपाळ्याजवळ पडलेला चट्टा पावसाळ्यापर्यंत भरला नव्हता (हात माझाच होता!). गवत कोरडं असताना, कोरड्या वाळूत मिसळून सारखं पसरायचं आणि लगेच भरपूर पाणी द्यायचं.

मोगऱ्याला आता कळ्या धरायच्या आहेत, त्याला आधी बघा. मोठ्या कुंडीला दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, खोडापासून चार बोटं लांब, माती उकरून. आदल्या दिवशी पाणी घातलेलं असावं. नुकतीच लावलेली किंवा मरगळलेली रोपं सध्या वगळा.

वाळलेली पानं कृपया जाळू नका, कुंड्यांत आच्छादनाला लागतील.

खुरपं आणि बादली घरून आणा. खत आणून ठेवलं आहे.