आधी पीटीचे सर, मग प्रतिभाशोध

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०३०च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आणि २०३६चे ऑलिम्पिकही आपल्याकडे आणण्याचे प्रयत्न चालू आहेत, या बातम्यांचा मला मनापासून आनंद आहे. सत्तावीस वर्षे माण तालुक्यात पीटी शिकवली, त्यामुळे खेळाची बातमी आली की चहा गार होईपर्यंत वाचतो. पण एक गोष्ट सलते म्हणून हे पत्र.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे राष्ट्रीय क्रीडा धोरण मंजूर केले. २००१च्या धोरणाची जागा त्याने घेतली. त्यात पाच खांब सांगितले आहेत आणि पाचवा खांब शिक्षणाशी सांगड घालण्याचा आहे. शिक्षकांना आणि क्रीडाशिक्षकांना खास प्रशिक्षण द्यायचे, असे तिथे म्हटले आहे. वाचून हसू आले. प्रशिक्षण द्यायला आधी माणूस तर हवा!

शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून पाहा. प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान हवे, असे २००९ सालीच लिहून ठेवले आहे. शिकवणाऱ्याचे काय? सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल, तरच शारीरिक शिक्षणाला निदेशक, आणि तोही अंशकालीन. म्हणजे वाडीवस्तीवरच्या चाळीस पटाच्या शाळेला कायद्यानेच पीटीचे सर नाहीत. तिथे वेळापत्रकात 'शा. शि.' असा तास असतो. त्या तासाला गणित मागे पडले असेल तर गणित होते, नाहीतर पोरे आपापली खेळतात आणि गुरुजी ऑनलाइन माहिती भरत बसतात. गुरुजींना दोष देत नाही. मीही भरली आहे.

आता तालुका स्पर्धेला या. शालेय स्पर्धांची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय, अशी आहे. देशातल्या हजारो मुलांना जन्मात पहिल्यांदा कोणीतरी शिट्टी वाजवून पळवते ते या पहिल्या पायरीवर. हायस्कूलच्या मैदानावर आदल्या संध्याकाळी फक्कीने रेषा मारतात. रात्री पाऊस झाला की सकाळी पुन्हा मारायच्या. रिलेचा बॅटन म्हणजे पीव्हीसी पाइपचा तुकडा. निम्म्या मुली अनवाणी. शर्यत संपली की पहिल्या तिघींची नावे कागदावर येतात आणि माईकवरून पुढची शर्यत पुकारली जाते.

त्या कागदावर वेळ लिहीत नाहीत. पुन्हा सांगतो, धावण्याच्या शर्यतीच्या निकालपत्रकावर वेळ नसते, नुसता क्रमांक असतो. माझ्या सगळ्या नोकरीत मी हेच पाहिले. अलीकडे एखाद्या ठिकाणी सुधारणा झाली असेल तर चांगलेच आहे.

याचा परिणाम काय होतो ते एका मुलीवरून सांगतो. आठवीत होती, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. चौदा वर्षांखालील गटात ६०० मीटर तालुक्यात पहिली आली. जिल्ह्याला तिसरी. पुढे गेल्या पहिल्या दोघी. जिल्ह्याच्या मैदानावर मी स्वतःच्या घड्याळावर तिची वेळ घेतली होती, १ मिनिट ४९ सेकंद, अनवाणी आणि सकाळी फक्त एक केळे खाऊन. पहिलीच्या मागे ती चार-पाच पावलेच होती. ती वेळ कोणाला दाखवायची, हे मला सांगता येईना. वर्षभरात ती आईबापांबरोबर कोयता घेऊन गेली. शाळेत परत आली, पण धावायला नाही.

केंद्राने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूवर वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्च होतात, त्यातले १ लाख २० हजार त्याच्या हातात पडतात. २०१४ पासूनच्या 'टॉप्स' योजनेत ऑलिम्पिकच्या तयारीतल्या खेळाडूला महिना ५० हजार मिळतात. आमच्या वेळी हे स्वप्नातही नव्हते. २०२४ पासून नऊ ते अठरा वयाच्या मुलांसाठी प्रतिभाशोधाची 'कीर्ती' योजना आली आणि तिचे लक्ष्य वर्षाला वीस लाख मुलांच्या चाचण्यांचे आहे. पण तिथे मुलाने आधी पोर्टलवर नाव नोंदवायचे, मग चाचणीच्या केंद्रावर पोचायचे. हे त्याला सांगणार कोण?

ज्यांना सांगणारे घरातच होते, त्यांची उदाहरणे आपल्यासमोर आहेत. पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आणि २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी धनुर्विद्येत जगज्जेती झालेली आमच्याच साताऱ्याची अदिती स्वामी, या दोघांचेही वडील शिक्षक आहेत. फॉर्म कुठे मिळतो, तारीख कधीची, कोणत्या दारावर जायचे, हे त्या घरांना समजत होते. त्या मुलांच्या कष्टाला त्यामुळे काडीचाही उणेपणा येत नाही. पण ज्याचा बाप मेंढरांमागे आहे, त्याच्यासाठी शाळेतला एक माणूस हेच घरातले जाणते माणूस असते. आमच्या तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ मध्ये रिओला स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीची, अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरीत धावणारी पहिली भारतीय महिला, आणि ती या दुष्काळी मुलखातल्या शेतकऱ्याच्या घरातली! पाणी नसले तरी पाय आहेत आमच्याकडे.

म्हणून माझे मागणे छोटे आहे. जिल्हा परिषदेच्या दहा-पंधरा शाळांचे मिळून एक केंद्र असतेच. त्या प्रत्येक केंद्राला एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्या, पगार केंद्र सरकारने उचलावा. सोमवारी एक शाळा, मंगळवारी दुसरी, असा तो फिरेल. मोटारसायकलच्या पेट्रोलचा भत्ता तेवढा आठवणीने द्या, कारण आमच्यात तो विसरण्याची रीत आहे. आणि तालुका स्पर्धेतल्या प्रत्येक मुलाची वेळ, उडी, फेक नोंदवून ती थेट प्रतिभाशोधाच्या यंत्रणेला जोडा. वीस लाख मुले शोधायला वेगळी केंद्रे उघडताय, तर दर पावसाळ्यात ती पोरे आमच्या मैदानावर आपणहून येऊन पळतातच की! तिथे पाच घड्याळे आणि ती वापरणारी पाच माणसे पाठवली, तरी काम सुरू होईल. सिंथेटिक ट्रॅकचे नंतर पाहू.

जाता जाता एक. नोकरीत असताना मी एका दोनशे पानी वहीत मुलांच्या वेळा टिपत असे. एकूण अकरा वर्षांच्या आहेत, पावसाने काही पाने चिकटली आहेत. निवृत्त होताना ती कोणाकडे द्यायची असे विचारले, तेव्हा 'दप्तरी घेण्याची तरतूद नाही' असे उत्तर मिळाले. वही अजून घरीच आहे. क्रीडा मंत्रालयातल्या कोणाला हवी असेल, तर आपल्यामार्फत कळवावे. मी स्वतः आणून देईन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
ता. माण, जि. सातारा