डॉक्टरसाहेब, ती पट्टी आईनं जपून ठेवलीय

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

अण्णा आता रोज सकाळी बागेपर्यंत चालत जाऊन येतात. हे तुम्हाला कळावं, आणि मिरजेत तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

ऑक्टोबर छाटणीच्या ऐन धांदलीत त्यांच्या छातीत कळ आली. जवळच्या दवाखान्यात पित्ताची गोळी देऊन घरी धाडलं. साठीचा माणूस घामानं निथळतोय, तरी ईसीजी काढला नाही. दुसरीकडे काढला, पण आईनं "काय निघालं?" विचारलं तर "तुम्हाला काय कळणार त्यातलं" म्हणून कागद फायलीत गेला. तो राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

तुमच्याकडच्या उपचारांचं लिहीत बसत नाही. मला आठवतो तो व्हरांड्यातला बाक. रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शननंतर दीड तासानं तुम्ही बाहेर आलात, आईशेजारी बसलात आणि ईसीजीच्या दोन पट्ट्या तिच्या मांडीवर पसरल्यात. "मावशी, तुम्हीच बोट फिरवून बघा." आधीच्या पट्टीवर रेघ टेकाडासारखी चढलेली, नंतरच्या पट्टीवर निम्म्याहून जास्त उतरलेली. "उतरली म्हणजे रक्त पोचायला लागलं असं समजायचं." आईचं बोट त्या उतारावरून दोनदा फिरलं. मग तिनं प्यायला पाणी मागितलं, त्या रात्रीत पहिल्यांदाच.

डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही पेनाच्या टोकानं क्यू लहरी, म्हणजे रेघेतल्या खाली गेलेल्या खाचा, मोजल्यात. एक बारीक चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. खाच तेवढी रुंद असली की तिथला स्नायू मेल्याची शंका घ्यायची. ईसीजीवरून इजा मोजायच्या 32 गुणांच्या कोष्टकात एकेक गुण म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याचा साधारण 3 टक्के भाग. अण्णांचे 5 भरले. "15 टक्क्यांच्या आसपास इजा दिसतेय. अंदाज आहे हा, इकोशी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीशी, ताडून बघू," म्हणालात.

आई म्हणाली, "म्हंजे ओलांड्याचा, येलाच्या आडव्या फांदीचा, तेवढा तुकडा वाळला. येल जित्ता हाय."

तुम्ही हसला नाहीत. "अगदी तसंच, मावशी," म्हणालात. वाळलेलं परत फुटणार नाही, पण राहिलेला वेल जपायचा, गोळ्या चुकवायच्या नाहीत, हे सगळं मग तिच्याच शब्दांत सांगितलंत. निघताना वर आठवण केलीत, "हा कागद पुसट होतो, झेरॉक्स काढून ठेवा." ती झेरॉक्स आता रेशनकार्डाच्या पिशवीत असते. आल्यागेल्याला आई बोट ठेवून दाखवते.

सांगली-मिरजेत हुशार डॉक्टरांना तोटा नाही. पण अडाणी बाईलाही तिच्या नवऱ्याच्या काळजाचा कागद वाचता आला पाहिजे, असं मनापासून वाटणारा माणूस आम्हाला त्या रात्री भेटला. अशा माणसांच्या जिवावरच आमच्यासारखे दवाखान्याची पायरी चढतात.

पुढच्या महिन्यात तपासणीला येतोय. नवी पट्टी आधी आईच्या हातात द्याल ना? तिनं चष्म्याचा नंबर बदलून घेतलाय.

आपला,
तासगाव तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार