मधुमेह शिबिरात घोटाही तपासा

संपादक महोदय,

टाच दुखते म्हटले की मऊ चप्पल घ्या, गरम पाण्यात पाय बुडवा, असे सल्ले मिळतात. घोटा किती वाकतो, हे क्वचितच कुणी पाहते. चालताना टाच उचलण्यापूर्वी नडगी पावलावर साधारण १० अंश पुढे झुकावी लागते. उकिडवे बसायला याच्या तिपटीच्या आसपास.

घोटा तेवढा झुकत नसेल तर शरीर पळवाट शोधते. टाच लवकर उचलते आणि भार चवड्यावर येतो, पाऊल बाहेर वळते, कमान खचते किंवा गुडघा मागे ढकलला जातो. म्हणून दुखते तळपायात वा गुडघ्यात, मूळ मात्र पोटरीत. मधुमेहात पाय बधिर असेल तर हाच भार चवड्याखाली घट्टा आणतो आणि घट्ट्याखाली जखम होते, कळतही नाही.

आखडलेपणा सगळा एकसारखा नसतो. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ओढा, मग गुडघा वाकवून ओढा. वाकवल्यावर घोटा मोकळा झाला तर पोटरीचा वरचा स्नायू आखडला आहे, कारण तो गुडघ्याच्या वरून सुरू होतो. दोन्ही वेळा अडला तर खोलचा स्नायू, टाचेमागचा स्नायुबंध (पोटरीला टाचेशी जोडणारी जाड दोरी) किंवा सांधाच घट्ट आहे. तपासताना पाऊल आत कलंडू देऊ नका, नाहीतर मधले सांधे वाकतात आणि घोटा मोकळा असल्याचा भास होतो.

घोट्याच्या पुढच्या बाजूला टोचून हालचाल एकदम थांबत असेल तर तिथे हाड वाढलेले असू शकते. जुन्या फ्रॅक्चरनंतर किंवा वारंवार मुरगळल्यावर असे होते. अशा वेळी ताण देऊ नये, दुखणे वाढते. आधी एक्स-रे काढावा.

स्नायूच आखडला असेल तर भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या. बोटे सरळ भिंतीकडे, टाच जमिनीवर. मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंदांचा ताण ३-४ वेळा, मग गुडघा किंचित वाकवून तेवढाच. हिसके नकोत. रोज केले तरी फरक पडायला ६ ते ८ आठवडे लागतात. बहुतेकांची चूक एकच: मागची टाच उचलते किंवा पाऊल बाहेर फिरते. मग ताण पोटरीला लागतच नाही.

मधुमेह तपासणी शिबिरांत रक्तातील साखरेबरोबर घोट्याचीही ही तपासणी व्हावी. त्याला २ मिनिटे लागतात, उपकरण एकही लागत नाही.

— एक फिजिओथेरपिस्ट, पुणे